‘कोर्ट फी’ म्हणून दिलेले बारा हजार

मी वकील नाही. सॉफ्टवेअर लिहितो. आज इथे उभा आहे तो आमच्या गल्लीतल्या एका खालांमुळे.

त्यांचा मुलगा मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात आत होता. कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एकाने त्यांच्याकडून बारा हजार घेतले. कशाचे? तर ‘कोर्ट फी’चे. पावती नाही. खालांनी कानातले गहाण टाकले होते. मला कळलं तेव्हा महिना उलटला होता, आणि तोवर अर्जसुद्धा दाखल झाला नव्हता.

त्या रात्री मी कायदा वाचायला बसलो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987. कलम 12 मध्ये मोफत मदतीच्या हक्कदारांची यादी आहे आणि त्यात कोठडीतला माणूस आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, म्हणजे तहसीलदाराचा दाखला आणायला धावायची गरज नाही. वकील तर मिळतोच, शिवाय कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही त्या मदतीत येतो. नेमलेल्या वकिलाने आपल्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. अर्ज साध्या कागदावर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. कैदी तो तुरुंगातूनही देऊ शकतो. फोन करायचा तर 15100.

हे आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने पक्कं केलं आहे. एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1978. हायकोर्टाच्या निकालाची प्रत येरवडा तुरुंगात पाठवली होती, पण ती आपल्या हातात पडलीच नाही, असं कैद्याचं म्हणणं. अपिलाला चार वर्षांहून जास्त उशीर झाला. त्याची याचिका फेटाळलीच गेली, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलं की शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर वकीलही.

खालांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बेटा, फुकटचा वकील काय कामाचा?” त्यांचं अगदीच चूक नव्हतं. काही वकील तारखेला उभेही राहत नाहीत. पण तक्रार करून वकील बदलून मागता येतो. कानातले मात्र परत येत नाहीत.

प्राधिकरणाचा वकील मिळाला, जामीनही झाला. तरी मुलगा आतच! पंधरा हजारांचा जामीनदार आणायचा कुठून? इथे मला माझ्या कामाची गोष्ट सापडली. 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या सॉफ्टवेअरमध्ये भरायची. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. उत्तम रचना. पण कोणी तारीखच भरली नाही तर? आमच्याकडेही असंच असतं, रिकाम्या रकान्यावर कुठलाही अलर्ट वाजत नाही.

म्हणून आठव्या दिवशी मी खालांना घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. जामिनाच्या आदेशाची प्रत आणि अट कमी करण्याचा एक पानी अर्ज, एवढंच बरोबर होतं. अर्ज मराठीत लिहिला होता. त्यावर आवक क्रमांक घेतला, शिक्का मारून घेतला.

मुलगा जातमुचलक्यावर सुटला. कच्च्या कैद्यांत आपला वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे अशा खाला तुमच्याही गल्लीत असतील. अर्जाचा नमुना मी आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवलाय. घेऊन जा.