इसाराआधी वकील

वडीगोद्रीत जमीन घेताय? मग इसाराआधी अंबड तालुक्यातला वकील गाठा. सातबारा हा महसुली उतारा आहे… तो मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात… मालकीची हमी देत नाहीत. मग मालकी तपासायची कुणी? तालुक्याच्या वकिलाला जुने फेरफार तहसिलीतून काढणं सोपं जातं. तो 30 वर्षांचे व्यवहार शोधतो. बहिणींचा हिस्सा राहिलाय का… जमीन वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का… बँकेचा बोजा आहे का… हे सगळं पाहतो.

कुणी म्हणेल, दस्तलेखक आहे की! तो दस्त उत्तम लिहील… पण मालकी तपासणं त्याचं काम नव्हे. वकील विकणाऱ्याचाही असेल, तर मात्र दुसरा पाहा. शोध अहवाल लेखी मागा… आणि तोही इसाराआधी.