भूल, स्नायू आणि मूत्रपिंड



भूल म्हणजे गाढ झोप, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पोटाची मोठी शस्त्रक्रिया करावयाची तर पोटाचे स्नायू सैल पडावे लागतात. त्यासाठी झोपेच्या औषधाखेरीज स्नायू शिथिल करणारे औषध शिरेतून देतात. त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणून रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालून भूलतज्ज्ञ त्याचा श्वासोच्छ्वास चालू ठेवतो.

या औषधांचे मूळ क्युरारे या विषात आहे. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी ते शिकारीच्या बाणांना लावीत. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ व डॉ. एनिड जॉन्सन यांनी २३ जानेवारी १९४२ रोजी ते भुलेबरोबर वापरले आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासात नवे पर्व सुरू झाले.

शस्त्रक्रिया संपल्यावर हे औषध शरीरातून जाते कसे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गॅलामिन हे जुने औषध जवळजवळ सर्वस्वी लघवीवाटे बाहेर पडत असे. पॅनक्युरोनियमचाही मोठा भाग त्याच वाटेने जातो. मूत्रपिंडे निकामी असतील, तर ही वाट बंद होते. औषध रक्तात रेंगाळते आणि स्नायूंची शक्ती वेळेवर परतत नाही. रोगी शुद्धीवर येतो, पण त्याला पुरेसा श्वास घेता येत नाही, खोकता येत नाही, मानही उचलता येत नाही. अशा वेळी नळी घाईने काढली, तर जिवावर बेतू शकते. व्हेक्युरोनियम मुख्यत्वे यकृतावाटे जाते. तथापि त्याच्या मात्रा वारंवार दिल्यास त्यापासून बनणारा क्रियाशील घटक अशा रोग्यांत साचू शकतो.

सक्सिनिलकोलिनची अडचण निराळी आहे. त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. परंतु त्याने रक्तातील पोटॅशियम लिटरमागे सुमारे अर्ध्या मिलिमोलने वाढते. निरोगी माणसास ही वाढ सोसते. मूत्रपिंडाच्या रोग्याचे पोटॅशियम आधीच वाढलेले असेल, तर मात्र हृदयाची लय बिघडण्याचा धोका संभवतो.

या प्रश्नावर एक उत्तर स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे सापडले. तेथील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात प्रा. जॉन स्टेनलेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲट्राक्युरियम हे औषध घडविले. ते १९८० नंतरच्या दशकात वापरात आले. शरीराची ऊब व रक्ताची किंचित अल्कधर्मी प्रकृती यांमुळे हे औषध आपोआप विघटित होते. त्यासाठी मूत्रपिंडावर विसंबावे लागत नाही. याच कारणास्तव त्याची कुपी शीतपेटीत ठेवावी लागते. पुढे आलेले सिसॲट्राक्युरियमही मुख्यतः याच तत्त्वावर चालते. मूत्रपिंडरोपणाच्या शस्त्रक्रियेत या औषधांचा मोठा आधार झाला आहे. याखेरीज मनगटाजवळील चेतातंतूस विजेचे सौम्य धक्के देऊन अंगठा किती हलतो, हे पाहता येते. त्यावरून औषधाचा अंमल किती उरला आहे, ते कळते.

औषध निवडावयाचे तर भूलतज्ज्ञास रोग्याची माहिती हवी. शस्त्रक्रिया लांबणीवर पडेल या भीतीने काही कुटुंबे जुना आजार सांगत नाहीत. हे धोक्याचे आहे. लघवीचे प्रमाण कमी झाले आहे काय, अंगावर सूज येते काय, शेवटचे डायलिसिस कधी झाले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे न विचारताही सांगावे. जुने कागद बरोबर न्यावेत. शस्त्रक्रियेपूर्वीची रक्ततपासणी हा निरर्थक खर्च नव्हे. क्रिएटिनिन व पोटॅशियमच्या त्या दोन आकड्यांवरून कोणते औषध द्यावयाचे आणि कोणते टाळावयाचे, हे ठरत असते.