वेदीच्या पायऱ्या आणि फोडलेले माळवद

बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात अहरोनाच्या वंशातील याजकांविषयी एक विलक्षण तडजोड आढळते: ज्याच्या शरीरात व्यंग आहे त्याने पवित्र अन्न खावे, परंतु वेदीजवळ येऊ नये. ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समुदाय, हा नियम आपल्याला लागू नाही असे मानते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, ती तो आजही पाळते. योहानाच्या 9 व्या अध्यायातील जन्मांध आणि पापाविषयीचा शिष्यांचा प्रश्न श्रोत्यांना पाठ असल्याने तो येथे सोडून देणे योग्य.

अमेरिकन धर्म-समाजशास्त्रज्ञ नॅन्सी आइसलंड यांना हाडांचे जन्मजात अपंगत्व होते. ‘द डिसेबल्ड गॉड’ या 1994 च्या ग्रंथात त्या नोंदवतात की, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या वेळी, त्यांना पुढे येण्याची गरज नाही असे सांगून सर्वांचे झाल्यावर जागेवरच वाढले जाई. हेतू सौजन्याचा, व्यवस्था मात्र लेवीयाचीच. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातापायांवर जखमा तशाच राहतात, यावरून परिपूर्ण देह आणि अव्यंग देह एक नव्हेत, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. (प्रस्तुत व्यासपीठालाही चार पायऱ्या आहेत, याची नोंद संयोजकांनी उदार मनाने घ्यावी.)

मार्काच्या 2 ऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्याच्या कथेवर बरे होण्याच्या अंगानेच प्रवचने होतात. ज्या छपराला भोक पाडून त्याला येशूपुढे खाली सोडले, त्या छपराकडे सहसा कोणी पाहत नाही. पॅलेस्टाइनमधील ते छप्पर तुळयांवर फांद्या आणि माती चोपून केलेले असावे, आणि सोलापूर-मराठवाड्याकडच्या श्रोत्यांना ते माळवद म्हणून लगेच डोळ्यांपुढे येईल. माळवद उकरले की घरात किती माती कोसळते, पावसाळ्यापूर्वी ते पुन्हा चोपायला किती माणसे लागतात, आणि घरधन्याच्या तोंडून काय काय ऐकावे लागते, हे वेगळे सांगणे नको. दार गर्दीने अडले होते आणि ती गर्दी धर्मोपदेश ऐकणाऱ्यांची होती. तरीही मार्काच्या कथनात येशू छपराच्या नुकसानीबद्दल चकार शब्द काढत नाही. मात्र त्या कथनात खाटेवरचा मनुष्यही एक शब्द बोलत नाही. चौघांनी उचलले, इतरांनी वाद घातला, तो उठून चालता झाला. त्याचे मत कोणी विचारले नाही.

जुन्या इमारतीला उतार करणे खर्चाचे असते, ही उपस्थित पाळकांची अडचण खरी आहे. तथापि अमेरिकेच्या 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्यातील सार्वजनिक जागांच्या तरतुदींतून धार्मिक संस्था वगळल्या गेल्या, तेव्हा त्यांच्याकडे पैसा नव्हता असे म्हणता येत नाही.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आल्यामुळे पंडिता रमाबाईंविषयीचा भाग दोन वाक्यांत उरकणे भाग आहे. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनने अंध स्त्रियांना आश्रय दिला हे सर्वश्रुत आहे. पण 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या रमाबाईंचा तो मार्ग स्वतःच्याच श्रवणदोषामुळे बंद झाला, आणि पुढे हिब्रू व ग्रीक शिकून ज्या स्त्रीने संपूर्ण बायबल मराठीत आणले तिला नीट ऐकू येत नव्हते, ही गोष्ट मंडळ्यांच्या स्मरणात क्वचितच असते.