आधी जंतूचे नाव, मग औषध



ही परिषद कासारवाडीत भरते आहे, याला अर्थ आहे. लोकलचे पुढचे स्टेशन पिंपरी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली आणि १९५५ पासून देशी पेनिसिलीन तयार होऊ लागले. पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जीवाणूपासून थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले. ते बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटते. जीवाणूंच्या पटलात अर्गोस्टेरॉल नसतेच, त्यामुळे त्यांच्यापुढे हॅमायसिनची मात्रा चालत नाही. निसर्गदत्त प्रतिरोधाचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते आपल्या मातीतले आहे याचा मला अभिमान वाटतो.

आतड्यात निमूटपणे राहणारे आणि संधी मिळताच मूत्रमार्गात, रक्तात, जखमेत शिरणारे जीवाणू आणि त्यांचा असाच प्रतिरोध हा आपला विषय. पेनिसिलीन सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोचण्याआधीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन यांना ई. कोलायमध्ये पेनिसिलीन निकामी करणारे एन्झाइम सापडले होते. प्रतिरोध आपण जन्माला घातलेला नाही. औषधांच्या बेसुमार वापराने आपण त्याला रान मोकळे करून दिले.

कॅथेटर असलेल्या वृद्ध रुग्णाच्या लघवीचे कल्चर डोळ्यांपुढे आणा. ब्लड अगारवर सुट्या वसाहती नाहीत, एकामागून एक लाटा प्लेटभर पसरलेल्या. झाकण उघडताच येणारा तो ओळखीचा दर्प. प्रोटिअस! मूत्रमार्गाच्या संसर्गात हात सहज नायट्रोफ्युरँटॉइनकडे जातो, पण प्रोटिअसवर ते मुळातच चालत नाही. कोलिस्टिनही नाही. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून कोलिस्टिन सुरू असताना प्रोटिअस, सेराशिया, मॉर्गनेला यांना ते इजा करत नाही. इतर जंतू मरतात आणि यांना जागा मिळते. क्लेबसिएलाला अँपिसिलिन, एंटेरोकॉकसला सेफॅलोस्पोरिन तसेच निरुपयोगी. हे समजायला महागडे यंत्र लागत नाही. जंतूची ओळख पटली की निम्मे उत्तर हाती येते.

आणि एकाचा जन्मजात गुण दुसऱ्याच्या हाती पडतो, ही खरी धास्ती. आज ई. कोलायमध्ये सर्रास आढळणाऱ्या, अँटिबायोटिक निकामी करणाऱ्या सीटीएक्स-एम एन्झाइमांची जनुके मुळात क्लुयवेरा या फारशा न गाजलेल्या जीवाणूच्या गुणसूत्रावरची. प्लाझ्मिडवर बसून ती जगभर पोचली. म्हणूनच दुर्मीळ जंतूंचा अभ्यास म्हणजे संशोधकांची हौस, असे कुणी म्हणू नये.

अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, ते योग्यच झाले. आपल्या हातातले काम मात्र आपणच करायचे आहे. डॉक्टरांनी पहिला डोस देण्याआधी नमुना पाठवावा. प्रयोगशाळांनी रिपोर्टवर जंतूचे पूर्ण नाव लिहावे आणि जे औषध त्याच्यावर निसर्गतःच चालत नाही, त्यापुढे ‘संवेदनशील’ असा शेरा कधीही जाऊ देऊ नये. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये. एवढे ठरवूनच या सभागृहातून उठावे, ही स्वागताध्यक्ष म्हणून माझी आपणांस हात जोडून विनंती आहे.