पाकिटांतील जलचिन्हें

पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता भोसरी, मोशी, चाकण ह्या गांवांवरून जातो. त्याच्या दुतर्फा पूर्वीं शेतें होतीं. आज तेथें कारखाने आहेत आणि जुन्या घरांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. घर रिकामें करतांना माळ्यावरची एखादी ट्रंक खालीं येते. तींत आजोबांच्या वेळचीं पत्रें निघतात. घरांतील हौशी मुलगा कात्री घेऊन तिकिटाचा कोपरा कापतो, आणि उरलेलें पाकीट रद्दींत जातें. ह्या कात्रीनें काय गमावतें, तें जलचिन्हावरून चांगलें कळतें.

जलचिन्ह हा शाईचा ठसा नव्हे. कागद ओला असतांना त्यावरून तारेची आकृति बसविलेला रूळ फिरतो. आकृतीखालचा थर पातळ होतो, आणि वाळलेला कागद उजेडासमोर धरला कीं तेवढाच भाग उजळ दिसतो.

हिंदुस्थानच्या तिकिटांत ह्या खुणांचा क्रम ठरलेला आहे. १८५४ सालीं कलकत्त्यास छापलेल्या तिकिटांच्या कागदांत ईस्ट इंडिया कंपनीचें मानचिन्ह होतें. परंतु तें साऱ्या तावावर एकच असल्यामुळें एकेका तिकिटाच्या वांट्यास त्याचा तुकडाच येई, कित्येकांस तोहि नसे. १८६५ पासून हत्तीचें मस्तक आलें, आणि १८८२ नंतर तारा. लंडनच्या डी ला रू कंपनीच्या छपाईंत दर तिकिटास एक तारा असे. १९२६ पासून नाशिक रोडच्या सरकारी छापखान्याचीं तिकिटें निघूं लागलीं. त्यांच्या कागदांत अनेक तारे आहेत. पंचम जॉर्जचें अर्ध्या आण्याचें हिरवें तिकीट वरून पाहतां दोन्हीकडचें सारखेंच. लंडनचें कोणतें व नाशिकचें कोणतें, ह्याचा निवाडा कागदांतला ताराच करतो.

सुटें तिकीट काळ्या बशींत पालथें घालून त्यावर शुद्ध बेंझिनचे एक-दोन थेंब सोडले, कीं चिन्ह गडद उमटतें. बेंझिन चटकन पेट घेतें, तेव्हां जवळ दिवा नसावा. शिवाय कांहीं शाया त्यांत विरघळतात. पाकिटावर चिकटलेल्या तिकिटावर हा प्रयोग मुळींच करूं नये.

पाकिटाचा कागद मात्र निर्धास्तपणें तपासतां येतो. झांप उघडून तिचा एकेरी पदर उजेडासमोर धरावा. कित्येक जुन्या कागदांत कारखानदाराचें नांव, क्वचित् सालहि आढळतें. पत्रावर १८९० ची तारीख आणि कागदांत १८९६ चें साल असेल, तर तारीख खोटी, हें सांगण्यास पंडिताची गरज नाहीं. कागद तयार होण्यापूर्वीं त्यावर कोणी लिहूं शकत नाहीं.

म्हणूनच पाकीट अखंड ठेवणें महत्त्वाचें. तिकीट, टपालाचा शिक्का, पत्ता आणि कागद हे एकमेकांचे साक्षीदार असतात. कोपरा कापला कीं एकच साक्षीदार उरतो, आणि त्याची उलटतपासणी करण्यास दुसरा कोणी नसतो. माळ्यावरून ट्रंक खालीं आली, तर कात्री खणांतच राहूं द्यावी आणि पाकीट प्रथम खिडकीपाशीं न्यावें.