पडद्यावरची अक्षरे आणि त्यांची हालचाल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला आज ज्या विषयावर बोलावयास सांगितले आहे, तो ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. संकेतस्थळावरील प्लगिन आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेणे आणि पानावर साधी हालचाल निर्माण करणे, हे काम संगणकात वाढलेल्या तरुणांचे. बी. ए. पर्यंत शिकून केंद्र सरकारच्या फायलींत तीस वर्षे घालविलेल्या माणसाचा त्यात काय संबंध, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. माझा संबंध एवढाच, की मंडळाच्या संकेतस्थळाची देखरेख गेल्या वर्षी माझ्याकडे आली आणि त्या पडद्यावर ‘महाराष्ट्र’ हा शब्द कसा अवतरतो हे मला रोज पाहावे लागले.

आपल्यापैकी ज्यांनी ते पान उघडले असेल त्यांना आठवेल. प्रथम ‘म’ उमटतो, मग ‘ह’, मग त्या ‘ह’ला काना चिकटतो. पुढे ‘रा’ होतो. त्यानंतर ‘ष’, त्याखाली हलन्ताची रेघ, मग ‘ट’ येताच मागची सारी रचना बदलते, पुन्हा हलन्त, आणि शेवटी ‘र’ आल्यावर ‘ष्ट्र’ एकदम आपल्या जागी बसतो. आपण चार अक्षरे वाचतो; यंत्र दहा पावले चालते. इंग्रजीत या करामतीला टंकलेखनाचा परिणाम म्हणतात, आणि तो देणारी तयार प्लगिने शेकड्यांनी उपलब्ध आहेत. ती करणाऱ्यांचा काही दोष नाही. त्यांच्या लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. चिन्हे मोजली की अक्षरे मोजली गेली. आपल्या लिपीत तसे नाही, ही गोष्ट त्यांच्या स्वप्नातही नसणार.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा एक गट राखून ठेवलेला आहे. त्यात जोडाक्षरांना स्वतंत्र स्थान नाही. ‘ष्ट्र’ हा ष, हलन्त, ट, हलन्त, र अशा पाच चिन्हांनी साठविला जातो, आणि ती पाच चिन्हे एकत्र पाहून त्यांचे एक अक्षर घडविण्याचे काम टंक आणि न्याहाळक मिळून करतात. चिन्हे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. म्हणून ‘दिवाळी’ टंकली जात असता आधी ‘द’ उमटतो आणि मग पहिली वेलांटी त्याच्या डावीकडे घुसून त्याला उजवीकडे ढकलते. ‘वर्गणी’ हा आपल्या जिव्हाळ्याचा शब्द घ्या. त्यातला ‘र’ प्रथम ‘व’शेजारी सरळ उभा राहतो आणि ‘ग’ येताच उडी मारून त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. वर्गणी गोळा करणाऱ्यांची धावपळ यात यथार्थ दिसते, असे आमचे कोषाध्यक्ष म्हणाले.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी कचेरीत देवनागरी टंकलेखन यंत्रे पाहिली आहेत. त्या यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, कारण कागद उजवीकडून डावीकडे सरकतो आणि वेलांटी डावीकडे असते. ‘ख’, ‘भ’, ‘श’ यांसारखी अक्षरे अर्धी उमटवून त्यांना काना जोडून पूर्ण करीत. म्हणजे खऱ्या टंकलेखन यंत्रावर एकदा उमटलेली खूण कधी हलत नसे. ज्याला टंकलेखनाचा परिणाम म्हणून मिरविले जाते, तो देवनागरी टंकलेखन यंत्राने कधीच दाखविला नाही!

दुसऱ्या जातीची प्लगिने याहून वाईट. ती प्रत्येक चिन्ह वेगळ्या चौकटीत घालतात आणि चौकटी एकामागून एक नाचवितात. त्यामुळे शिरोरेषा तुटते, जोडाक्षरे सुटी होतात, आणि एकट्या पडलेल्या काना-मात्रेला आधार म्हणून न्याहाळक ठिपक्यांचे एक वर्तुळ काढून देतो. संकेतस्थळ करून देणाऱ्या व्यावसायिकाला हे दाखविले तेव्हा ‘सर्वांना असेच दिसते’ असे उत्तर मिळाले. सर्वांना असेच दिसते, हीच तर तक्रार होती.

कोणी म्हणेल, दोन सेकंदांचा खेळ, शेवटी शब्द बरोबर दिसतो ना? आपण महाराष्ट्रात असतो तर मीही तेच म्हटले असते. तेथे दुकानाच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत देवनागरीच भेटते. चेन्नईतल्या आपल्या मुलांना देवनागरी कोठे भेटते? शाळेत इंग्रजी आणि तमिळ, रस्त्यावर तमिळ आणि इंग्रजी. काही घरांत दूरदर्शनवरची हिंदी. रविवारच्या वर्गातील एक तिसरीतली मुलगी ‘महाराष्ट्र’ लिहिताना ‘महाराष्’, मग ‘ट्’, मग ‘र’ असे हलन्त देऊन सुटे लिहीत असे. बाईंनी विचारले तर म्हणाली, मंडळाच्या पडद्यावर असेच येते. तिचे चूक म्हणता येत नाही. तमिळमध्ये स्वरहीन व्यंजनावर पुळ्ळी देऊन ते सुटेच लिहितात. एक ‘क्ष’ आणि ‘श्री’ सोडल्यास जोडाक्षर जवळपास नाहीच. तिच्या तमिळ सवयीला आपल्याच पडद्याने दुजोरा दिला.

आपल्या मंडळात तीन प्रवाह एकत्र आले आहेत, हे आपण जाणताच. बदलीच्या नोकरीने आलेले आमच्यासारखे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेले गलाई बंधू. आणि तंजावरच्या मराठी राज्याबरोबर आलेली, कित्येक पिढ्या येथेच रुजलेली दक्षिणी मराठी कुटुंबे. या शेवटच्या घरांत मराठी बोलली जाते, पण पुष्कळांना देवनागरी वाचण्याचा सराव राहिलेला नाही. याच तमिळ भूमीत सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला देवनागरी छापखाना चालविला होता, हे लक्षात घेतले म्हणजे आजच्या पडद्यावर अक्षर धड उमटावे ही अपेक्षा फार मोठी वाटू नये.

आता उपायाकडे वळतो. आपले संकेतस्थळ वर्डप्रेस नावाच्या प्रणालीवर उभे आहे. ती २००३ च्या मे महिन्यात प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिचा परवानाच असा आहे, की कोणीही ती वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि बदललेली पुढे द्यावी. प्लगिन म्हणजे या प्रणालीला बाहेरून जोडलेला भाग. घराला अधिकची खोली काढावी तसा. मूळ घर पाडावे लागत नाही आणि नको झाली तर खोली काढून टाकता येते.

मात्र तयार प्लगिनच्या मूळ फाइलीत हात घालू नये. त्याची सुधारित आवृत्ती आली की जुन्या फाइली पुसून नव्या बसतात आणि आपली सारी दुरुस्ती त्याबरोबर वाहून जाते. नुसते रूप बदलावयाचे असेल, म्हणजे रंग, आकार, अंतर, हालचालीचा वेग, तर वर्डप्रेसने २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या ४.७ या आवृत्तीपासून जादा सीएसएस लिहिण्यासाठी एक पेटीच दिली आहे. तिच्यात लिहिलेले नियम प्लगिन सुधारले तरी टिकतात. फक्त प्लगिनने आपल्या घटकांची नावे बदलली तर ते लागू पडेनासे होतात, तेवढे पाहावे. वागणूकच बदलावयाची असेल तर आपले वेगळे छोटे प्लगिन करावे. ते एका फाइलीचेही असू शकते. माथ्यावर ठरलेल्या रीतीने त्याचे नाव लिहिले, की व्यवस्थापनाच्या यादीत ते दिसू लागते.

मुलांना शिकविण्यासाठी एक सोपा धडा सुचवितो. वर्डप्रेसबरोबर ‘हॅलो डॉली’ नावाचे एक प्लगिन वर्षानुवर्षे येत आले आहे. ते व्यवस्थापनाच्या पानावर एका इंग्रजी गाण्याची एकेक ओळ दाखविते, बाकी काही करीत नाही. त्याची प्रत काढावी, तिला नवे नाव द्यावे आणि गाण्याच्या जागी मराठी म्हणी घालाव्यात. आमच्या वर्गातील मुलांनी हे एका दुपारी केले. म्हणी गोळा करण्यातच त्यांचा अधिक वेळ गेला, आणि त्यासाठी नागपूर-कोल्हापूरच्या आज्यांना दूरध्वनी झाले, हे मला प्लगिनपेक्षा मोलाचे वाटले.

हालचालीविषयी बोलू लागलो की दादासाहेब फाळके आठवतात. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, ठराविक वेळाने एकेक चित्र घेत, ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखविली होती. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली; काडी थोडी सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. सीएसएसमध्ये ही मेहनत न्याहाळक करतो. आपण आरंभीची आणि शेवटची स्थिती सांगावयाची, त्यांना कीफ्रेम म्हणतात, आणि किती वेळात एकीतून दुसरीत जावयाचे ते सांगावयाचे. मधली चित्रे तो भरतो, सामान्य पडद्यावर सेकंदाला साठपर्यंत. शब्द आरंभी अदृश्य आणि किंचित खाली, शेवटी पूर्ण दृश्य आणि जागेवर, काळ अर्धा सेकंद. एवढ्यावर शीर्षक अलगद वर येऊन स्थिरावते. पारदर्शकता आणि स्थानांतर या दोनच गोष्टी शक्यतो हलवाव्यात. रुंदी, उंची वा समास हलविला तर न्याहाळकाला दर चित्रागणिक साऱ्या पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते आणि स्वस्त भ्रमणध्वनी अडखळतो.

मग आपल्या नावाचे काय केले? अक्षरे एकेक आणण्याचा हट्टच सोडला. पूर्ण शब्द आधी पानावर ठेवला, त्यावर अदृश्य पडदा धरला आणि तो डावीकडून उजवीकडे सरकविला. फळ्यावर खडू फिरावा तशी शिरोरेषा सलग उमटत जाते, वेलांटी आपल्या जागी, रफार आपल्या जागी, काहीच उडी मारीत नाही. मला तरी हा परिणाम मूळ इंग्रजी करामतीहून देखणा वाटतो. ज्यांना एकेक अक्षरच हवे त्यांच्यासाठीही सोय झाली आहे. जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर नावाचे साधन आहे. ते मजकूर चिन्हांत न तोडता वाचकाच्या अक्षरांत तोडते. २०२४ पासून ते सर्व प्रमुख न्याहाळकांत मिळते. युनिकोडच्या जुन्या नियमांप्रमाणे मात्र ‘क्ष’चे ‘क्’ आणि ‘ष’ असे दोन तुकडे होत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे एकत्र धरण्याचा नियम आला. जुन्या यंत्रांवर म्हणून हे साधन तपासून घ्यावे. आपल्या तमिळ शेजाऱ्यांनाही हे सांगण्यासारखे आहे. तमिळमध्ये ‘ऐ’चे चिन्ह अक्षराच्या आधी लिहितात, त्यामुळे खुद्द ‘चेन्नै’ या नावातही शेवटचे अक्षर अशीच उडी मारते.

पानाच्या मथळ्यात भाषा मराठी आहे असे एका छोट्या खुणेने नोंदविणे हे त्याच दिवशी केले. आधी तेथे इंग्रजी असे नोंदलेले होते. त्या खुणेमुळे, मराठी वळणे भरलेल्या टंकांत, उदाहरणार्थ नोटो मालिकेतील देवनागरी टंकात, पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ दिसू लागतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात हीच रूपे सांगितली आहेत. पान मोठ्याने वाचून दाखविणारी साधनेही मग उच्चारासाठी मराठी आवाज निवडतात. टंक निवडताना आणखी एक शब्द टंकून पाहावा: ‘आचाऱ्यास’. काही टंक तो नीट दाखवीत नाहीत. गणेशोत्सवाच्या हिशेबात ‘आचाऱ्यास’ दिलेली रक्कम ‘आचार्यास’ गेली तर दोघेही नाराज व्हावयाचे.

राहिली ती सूचनांची सरकती पट्टी. ती काढू नये असे काही सभासदांचे मत आहे आणि मी त्यांच्याशी सहमत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांना श्राद्धपक्षाच्या सूचनेतील तारीख तीनदा पट्टी फिरूनही वाचता आली नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता नियमांवर ती बेतली आहेत, त्यांत स्पष्ट म्हटले आहे, की आपोआप सुरू होऊन इतर मजकुरासोबत पाच सेकंदांहून अधिक हलणाऱ्या गोष्टीला थांबविण्याची सोय हवी, आणि सेकंदात तीनहून अधिक वेळा काही लखलखू नये. शिवाय भोवळ येणाऱ्या माणसांनी आपल्या यंत्रात ‘हालचाल कमी करा’ असे सांगून ठेवलेले असते. ते ओळखणारा नियम सीएसएसमध्ये आहे. चार ओळी लिहिल्या की अशा वाचकाला तेच पान स्थिर दिसते. आपले मंडळ सरकारी नाही, परंतु आपले निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत.

नवे झगमगीत संकेतस्थळ करून घेण्याचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्यातील खर्चाचा मोठा वाटा नाचत्या चित्रांसाठी आहे. माझी विनंती अशी, की ती रक्कम मंडळाच्या पन्नास वर्षांच्या स्मरणिका आणि इतिवृत्ते यंत्रावर चढविण्यासाठी द्यावी. आरंभीच्या काही अंकांचा कागद हात लावताच तुटू लागला आहे. हालचालीचे जे काम आहे ते आपली मुले करतील. गुढीपाडव्याला पानावर गुढी उभी राहावी यासाठी दोन कीफ्रेम पुरतात, त्या त्यांनी लिहूनही ठेवल्या आहेत. वर्ग दर रविवारी सकाळी साडेदहाला खालच्या दालनात भरतो. ज्यांच्या घरी वापरात नसलेला लॅपटॉप असेल त्यांनी तो कार्यालयात आणून द्यावा; पावती मिळेल.