समाजकार्य शिकायला कोण येतं, आणि का?



जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. १६०८ साली रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म इथं झाला. बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायण ठोसरची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पण तिचा पुढचा भाग आपण घाईत उरकतो. परंपरा सांगते, की हा मुलगा बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला राहिला, आणि नंतर बारा वर्षं देशभर पायी हिंडला. कृष्णाकाठी लोकांमध्ये काम उभं राहिलं ते त्यानंतर, पस्तिशी उलटल्यावर. लोकांची काळजी वाटणं आणि लोकांसाठी काम करता येणं, या दोन गोष्टींमध्ये एवढं अंतर होतं.

आज याच मराठवाड्यातली माणसं हे अंतर कापायला समाजकार्याच्या वर्गात येऊन बसतात. कोणी अठरा वर्षांचं असतं, कोणी चाळिशी ओलांडलेलं. ती का येतात, याविषयी आज बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे समाजसेवा आणि समाजकार्य हे शब्द सरसकट एकाच अर्थानं वापरले जातात. सेवा म्हटली की मोबदल्याचा प्रश्नच येत नाही. कार्याला मात्र शिक्षण लागतं, पद्धत लागते आणि पगारही लागतो. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन गृहस्थ मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. नुसत्या दानधर्मानं भागत नाही, प्रशिक्षित माणसं हवीत, हे त्यांना तिथं दिसलं. टाटांच्या विश्वस्त निधीतून १९३६ साली मुंबईत समाजकार्याची शाळा निघाली, तिचे ते पहिले संचालक. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढं १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली, आणि हळूहळू हे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं.

आता बारावीनंतर येणारी मुलगी पाहू. अंबड-घनसावंगी भागात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. लेकरं बरोबर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात. मुलगी मोठी झाली की तिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या धास्तीनं आईबाप लग्न उरकून टाकतात. अशा घरातली मुलगी बी.एस.डब्ल्यू.ला आली आणि मुलाखतीत तिला ‘हाच अभ्यासक्रम का?’ असं विचारलं, तर ती पाठ केलेलं उत्तर देते : समाजाची सेवा करायची आवड आहे. खरं कारण निराळं असू शकतं. कॉलेज जवळ आहे, बारावी कोणत्याही शाखेची चालते, आणि तीन वर्षं लग्न लांबतं.

हे कारण ऐकून नाक मुरडणारे आहेत. मला ते पटत नाही. बोहल्यावरून पळालेल्या मुलाचं आपण मंदिर बांधतो, मग मुलीनं बोहला तीन वर्षं पुढं ढकलला तर तिचा हेतू कमी प्रतीचा कसा? शिवाय मुकादमाचा हिशेब, उचलीचं कर्ज, थळातल्या खोपीतलं बाळंतपण या गोष्टी तिला पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. तिला शिकावं लागतं ते एवढंच, की हे आपल्या नशिबाचं नसून व्यवस्थेचं आहे, आणि त्यावर कायद्यानं, संघटनेनं काही करता येतं.

पदवीनंतर एम.एस.डब्ल्यू.ला येणारी मुलं अधिक उघड बोलतात. त्यांना नोकरी हवी असते. सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, कुटुंब न्यायालयातला समुपदेशक, एखाद्या प्रकल्पावरचा समन्वयक अशा जागा त्यांनी पाहून ठेवलेल्या असतात. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, तेव्हापासून हा एक रस्ता होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण वेगळीच आहे : यांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात, आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते.

खरी वेगळी विद्यार्थिनी म्हणजे चाळिशीतली बाई. अंगणवाडीत पंधरा-वीस वर्षं काढलेली, किंवा बचत गट चालवलेली. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला कसं गप्प करायचं, कुपोषित मुलाच्या आजीला कोणत्या शब्दांत समजवायचं, हे तिला ठाऊक असतं. पण वरच्या जागेची जाहिरात निघाली की पदवीची अट आडवी येते. काल कामाला लागलेला मुलगा तिचा साहेब होतो. ती कागदासाठी येते, हे उघड आहे. तरी तेवढंच नाही. आपण इतकी वर्षं जे अंदाजानं केलं, त्याला व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन अशी नावं आहेत, हे कळल्यावर तिच्या बोलण्याला बैठकीत वजन येतं. काम करता करता शिकायची गरज वाटणं नवीन नाही. बाबा आमटे वकील होते. कुष्ठरोग्यांचं काम हाती घेतल्यावर पस्तिशीच्या सुमारास ते कलकत्त्याला जाऊन त्या रोगाचं शास्त्र शिकून आले.

निवृत्तीनंतरही काही जण येतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला वयाची वरची अट नाही. वेळ चांगला जावा म्हणून आलेले गळतात, कारण क्षेत्रकार्य चुकत नाही. वस्तीवर जावं लागतं, आणि अहवाल लिहावा लागतो.

क्षेत्रकार्याच्या त्या दिवसांतच वयांचा हिशेब उलटा होतो. अठरा वर्षांची मुलगी प्रश्नावली झटपट भरते, पण दार उघडलं जातं ते शेजारी उभ्या असलेल्या अंगणवाडीच्या बाईमुळे. संध्याकाळी अहवाल लिहिताना बाई अडते, आणि मुलगी तिच्या शेजारी बसते.

म्हणून प्रवेश घ्यायचा विचार असेल, तर कॉलेजची इमारत पाहू नका. आठवड्यातून किती दिवस क्षेत्रकार्य असतं, कोणत्या गावात, आणि शिक्षक स्वतः बरोबर येतात का, एवढं मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या.